हेड कापण्याआधी थांबा: रेसिंगच्या हेडमधल्या या चुका टाळा

आमच्याकडे हेड, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरवर बसणारं व्हॉल्व्हचं झाकण, येतं ते गोणपाटात गुंडाळून. सोबत गाडीचा मालक, त्याचा एक मित्र आणि ठरलेलं वाक्य: "काका, पोर्ट जरा मोठा करून द्या, गाडी पळाली पाहिजे." पोर्ट म्हणजे हेडमधली हवा आत घेण्याची (इनटेक) किंवा धूर बाहेर सोडण्याची (एक्झॉस्ट) वाट. मी विचारतो, कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, कोणता टाकलाय? पिस्टन कोणते? गाडी चिखलात पळवायची की धावपट्टीवर सरळ? बहुतेकांकडे उत्तर नसतं. उत्तर नसेल तर मी त्या हेडला हात लावत नाही. लोखंड असो की ॲल्युमिनियम, एकदा निघालेलं परत चिकटवता येत नाही, आणि चिकटवायला गेलं तर काय होतं ते पुढे सांगतोच.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमची पिढी ऑइल इंजिनांवर शिकली. ओतीव लोखंडाचं हेड, जाड भिंती, कमी आरपीएम. त्या हेडवर हात जरा चुकला तरी इंजिन सांभाळून घ्यायचं. मारुतीच्या एस्टीम-जिप्सीचं १६ व्हॉल्व्हचं ॲल्युमिनियम हेड सांभाळून घेत नाही. खाली ज्या चुका लिहितोय त्या सगळ्या माझ्या टेबलावर येऊन गेल्यात, काही दोन-दोन वर्षांनी पुन्हा, फक्त माणूस वेगळा.

पोर्ट मोठा म्हणजे पॉवर जास्त

ही समजूत डोक्यातून काढायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. हवेला नुसती जागा लागत नाही, वेग लागतो. पोर्ट फुगवला की हवा त्यात मंदावते, पेट्रोलचे थेंब भिंतीला धरतात आणि खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी होते. शिवाय अडचण बहुतेक वेळा पोर्टच्या तोंडाशी नसतेच. ती असते व्हॉल्व्हच्या खाली, सीटच्या (बंद व्हॉल्व्ह ज्या कड्यावर टेकतो त्याच्या) आसपासच्या शेवटच्या वीस-पंचवीस मिलिमीटरमध्ये.

साधा हिशेब करा. व्हॉल्व्ह त्याच्या व्यासाच्या चौथ्या भागाइतका उघडला की त्याच्या कडेने मिळणारी वाट आणि व्हॉल्व्हच्या तोंडाचं क्षेत्रफळ सारखं होतं. म्हणजे २८ मिमीचा व्हॉल्व्ह असेल तर ७ मिमी लिफ्टला, म्हणजे तेवढा उघडल्यावर. तुमचा कॅम तेवढी लिफ्ट देतच नसेल तर मागे बोगदा खोदून काय मिळणार? सीटखालचा गळा व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ९० टक्के ठेवावा. मी ८८च्या आसपास थांबतो आणि तिथून पुढे बर (ग्राइंडरचं कापणारं टोक) लावत नाही. वेळ घालवायचा तो आतल्या वळशावर, जिथे पोर्टचा तळ वळून सीटकडे उतरतो. हवेला तिथे झटक्यात वळावं लागतं. तो वळसा गोल, मोठ्या त्रिज्येचा हवा. नवशिका नेमका तिथेच खोल खणतो, कारण बर तिथे सहज पोचतो. मग धार तयार होते आणि हवा भिंत सोडून पलीकडे फेकली जाते.

गडहिंग्लजकडचा एक मुलगा एस्टीमचं हेड घेऊन आला होता. मेहनती पोरगा. दोन रात्री जागून डाय ग्राइंडरने स्वतः पोर्ट खोलले होते. गाडी पाच हजार आरपीएमच्या खाली ओढत नव्हती, वळणातून बाहेर पडताना नुसती घुसमटायची. त्यात दुसऱ्याच आठवड्यात पाणी कमी व्हायला लागलं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर. हेड उतरवलं. पाण्याच्या वाटा प्लेट आणि रबर लावून बंद केल्या, आत हवा भरली आणि हेड गरम पाण्यात बुडवलं. तिसऱ्या सिलिंडरच्या इनटेक पोर्टमधून, बरोबर त्या वळशातून, बुडबुड्यांची एक बारीक माळ वर आली. टाचणीच्या टोकाएवढं भोक. त्याने खणत खणत भिंत वॉटर जॅकेटपर्यंत, म्हणजे आतल्या पाण्याच्या पोकळीपर्यंत, नेली होती.

तो म्हणाला, टिग वेल्डिंग करून घेतो. मी नको म्हटलं, पण पैसे संपले होते, बाहेरून वेल्डिंग करून आणलंच. भोक बुजलं. हेड मात्र लांबीत ०.२ मिमी वाकलं, आणि कॅम बसवला तर हाताने फिरेना, कारण कॅमचे बेअरिंगही त्याच वाकात गेले होते. वेल्डच्या आजूबाजूची धातू उष्णतेने मऊ पडली ती वेगळीच. खालचा फेस घासून सपाट दिसतो, पण त्याने कॅमची रेघ सरळ होत नाही. शेवटी जुन्या बाजारातून दुसरं हेड आणलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्या मुलाच्या चेहऱ्याची मला अजून आठवण आहे, म्हणून आता माझी सवय अशी: ज्या मॉडेलवर पहिल्यांदा काम करतोय त्याचं एक भंगारातलं हेड आधी बँडसॉवर उभं कापायचं. प्रत्येक पोर्टच्या मधून. भिंत कुठे ६ मिमी आहे आणि कुठे ३, ते डोळ्यांनी बघायचं, मार्करने लिहायचं आणि तो तुकडा बेंचवर समोर ठेवायचा. अल्ट्रासॉनिक गेज असेल तर उत्तमच, पण कापलेला तुकडा खोटं बोलत नाही.

इनटेक पोर्ट आरशासारखा चकचकीत करू नका. ८० नंबरच्या पेपरची खरखर राहू द्या. चमक द्यायची हौस असेल तर एक्झॉस्टला द्या.

आधी सीट, मग गाईड

उलटं. गाईड म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी, आणि सीट कापणाऱ्या कटरचा पायलट, म्हणजे त्याची मधली पिन, त्याच गाईडमध्ये बसतो. गाईड झिजलेलं असेल तर पायलट डगमगतो आणि सीट गाईडशी एककेंद्री राहत नाही. मग घासायची पेस्ट लावून तासभर घासत बसतात आणि व्हॉल्व्हच्या तोंडाला खड्डा पाडतात. गाईड बदला, रीमर मारा, होन करा आणि त्यानंतरच सीटला हात लावा. पेस्ट मी फक्त शेवटी, खूण बघण्यापुरती वापरतो. सीटची रुंदी इनटेकला १ ते १.२ मिमी, एक्झॉस्टला १.५च्या पुढे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते. रेसिंगचं हेड म्हणून तिथे बारीक सीट ठेवली की व्हॉल्व्ह जळतो.

लोखंडाची सवय ॲल्युमिनियमवर

यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण हे आमच्याच भागातलं, आमच्याच हातचं दुखणं आहे.

मी नवीन असताना ज्यांच्या हाताखाली होतो ते मिस्त्री लोखंडी हेडमध्ये सीट बसवण्यात पक्के होते. तीस मिमीच्या सीटला पाच शतांश मिलिमीटरचा दाब ठेवायचा, म्हणजे सीट तिच्या घरापेक्षा तेवढी मोठी ठेवायची, प्रेसखाली घालायची, झालं. शेकडो इंजिनं त्यावर चालली. तीच पद्धत मी एका रेसच्या ॲल्युमिनियम हेडवर वापरली. गाडी टेस्टिंगला छान होती. तिसऱ्या दिवशी पूर्ण जोर असताना ठण्ण असा आवाज आला आणि इंजिन बंद. हेड उतरवलं तर एक्झॉस्टची सीट निसटून सिलिंडरमध्ये पडलेली, पिस्टनच्या डोक्यात चंद्रकोरीसारखा घाव, व्हॉल्व्ह वाकडा, चेंबर चेचलेलं.

रात्री कागद घेऊन बसलो. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं, लोखंड १२च्या आसपास. तीस मिमीची सीट, हेड तिथे खोलीच्या तापमानापेक्षा १५० अंशांनी वर गेलं असं धरा. सीटचं घर ०.१० मिमीने मोठं होतं, सीट ०.०५ने. फरक पाच शतांश. म्हणजे मी दिलेला सगळा दाब इंजिन गरम होताच शून्यावर आला होता. सीट हेडपेक्षा जास्त तापते म्हणून थोडी मदत मिळते, तेवढ्यावर ती तीन दिवस टिकली.

तेव्हापासून ॲल्युमिनियममध्ये या मापाच्या सीटला मी ०.१० ते ०.१३ मिमी दाब ठेवतो. हेड ओव्हनमध्ये १३० अंशांपर्यंत, सीट ड्राय आइसमध्ये. ती हाताने किंवा हलक्या टोल्याने खाली गेली पाहिजे. हातोड्याने ठोकावी लागत असेल तर ती वाकडी जातेय, आणि जाताना घराची कड खरवडून खाली कचरा ढकलतेय. मग सीट तळाला टेकत नाही. घराचं माप बोअर गेजने, दोन दिशांना, वर आणि खाली घ्यायचं. व्हर्नियरने घेतलेलं माप या कामात मी माप धरत नाही. शतांशाचं काम व्हर्नियरवर करणाऱ्या पोरांना मी परत पाठवतो, मायक्रोमीटर शिकून या म्हणून.

"एक मिमी घासून द्या"

कॉम्प्रेशन वाढवायचं म्हणून हेड अंदाजाने घासतात. एस्टीमच्या १२९८ सीसीच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५ मिमी, म्हणजे एका सिलिंडरचे ३२४.७ सीसी. कॉम्प्रेशन ९.५ हवं असेल तर वर शिल्लक जागा ३८.२ सीसी, १०.५ हवं असेल तर ३४.२. सगळा खेळ चार सीसीचा आहे, आणि त्यात गॅस्केट, पिस्टनचा खड्डा, डेकची (ब्लॉकच्या वरच्या फेसची) उंची सगळं येतं. म्हणून आधी मोजा. हेड उलटं ठेवा, प्लग नि व्हॉल्व्ह बसवा, कडेला ग्रीस लावून भोकाची ॲक्रिलिक पट्टी चिकटवा आणि ब्युरेटने (मापाच्या नळीने) रंगीत रॉकेल सोडा. शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत घाई करू नका. चारही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत जुळवायची. जे सगळ्यात मोठं आहे ते तसंच ठेवायचं आणि बाकीची हळूहळू त्याच्यापर्यंत आणायची.

हेड घासलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि बेल्टच्या इंजिनात कॅम टायमिंग मागे पडतं. पुली सरकवता येणारी नसेल तर जे कमावलं त्यातलं काही तिथेच जातं. आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात ते वेगळं. पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती लावा, हलक्या स्प्रिंगवर हेड बसवा, क्रँक दोन फेरे हाताने फिरवा, माती कापून जाडी मोजा. इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमीपेक्षा कमी दिसलं तर मी इंजिन जोडत नाही, पिस्टनला खिसे पाडतो.

स्वतःचं हेड ओतायचं ठरवलंय?

कौतुक आहे. पण स्क्रीनवर सगळ्या भिंती ४ मिमीच्या असतात, ओतल्यावर नसतात. साच्यात कोअर (आतली पोकळी राखणारा गाभा) एक मिमी सरकला की एका बाजूला ५ आणि दुसऱ्या बाजूला ३ होतात. धातू एलएम २५ (ओतायचं ॲल्युमिनियम) घ्या आणि टी ६ ही तापवून कडक करण्याची प्रक्रिया खरोखर करून घ्या. नुसत्या सर्टिफिकेटवर जाऊ नका, हार्डनेस स्वतः तपासा. बिलेटमधून, म्हणजे अखंड ठोकळा कोरून, काढायचं असेल तर ७०७५ हा ॲल्युमिनियमचा प्रकार टाळा. थंड असताना तो कणखर असतो, पण हेडच्या तापमानाला त्याची ताकद उतरत जाते. पहिलं कास्टिंग गाडीसाठी नसतंच, ते कापण्यासाठी असतं. हे ऐकून इंजिनिअरिंगच्या पोरांचे चेहरे उतरतात. उतरू द्या.

डिझाइनची सुरुवात चेंबरपासून करा, पोर्टपासून नाही. कॉसवर्थच्या डीएफव्ही या फॉर्म्युला वन इंजिनाने १९६७ साली नेदरलँड्समधल्या झांडफोर्टला पहिल्याच शर्यतीत जिम क्लार्क या ड्रायव्हरला जिंकून दिलं. त्याचा डिझायनर कीथ डकवर्थने त्यात दोन्ही बाजूंच्या व्हॉल्व्हमधला कोन अवघा ३२ अंश ठेवला होता. त्यामुळे चेंबर उथळ आणि आटोपशीर झालं, पिस्टनवर डोंगर उभा करावा लागला नाही. मोठ्या व्हॉल्व्हच्या हव्यासाने कोन पसरवला की चेंबर खोल होतं, मग कॉम्प्रेशनसाठी पिस्टनचं डोकं उंच करावं लागतं आणि ज्वाळेची वाट अडते.

मशीनवरच्या चुका, थोडक्यात

हेड बेडवर दाबून क्लॅम्प केलं, फेस मारला, क्लॅम्प सोडले आणि फेस पुन्हा वाकडा. तीन टेकूंवर ठेवा, डायल लावून क्लॅम्प आवळा, काटा हलला तर खाली शिम (पातळ पत्रा) घाला.

रफ कट आणि फिनिश एकाच दिवशी करू नका. मधे एक रात्र जाऊ द्या, धातू आपला ताण सोडते.

मल्टिलेअर स्टील गॅस्केट असेल तर फेसचा खरखरीतपणा ०.८ आरएच्या (मायक्रॉनमधलं माप) आसपास हवा. पॉलिश पेपरने हाताने घासून तो मिळत नाही, उलट कडा गोल होतात.

प्लगचे आटे चेंबरमध्ये डोकावत असतील तर ते लाल होतात आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवतात.

ऑइलच्या वाटांचे प्लग काढून ब्रश मारल्याशिवाय हेड देऊ नका. ॲल्युमिनियमचा एक कीस कॅमच्या बेअरिंगमध्ये गेला की आधीची सगळी मेहनत त्याच्याबरोबर गेली.

"रविवारी इव्हेंट आहे, शनिवारी द्या"

या वाक्याला मी आता नाहीच म्हणतो, ओळखीचा असला तरी. सगळं जुळल्यावर हेड टेबलावर आडवं ठेवतो, पोर्ट वर करून त्यात रॉकेल भरतो आणि घरी जातो. सकाळी पहिल्यांदा चेंबरच्या बाजूने, सीटच्या कडेने बोट फिरवतो. बोट कोरडं निघालं तर हेड गोणपाटात परत जातं. ओलसर लागलं तर तो व्हॉल्व्ह पुन्हा उतरवायचा, ब्लू (खूण उमटवणारा निळा रंग) लावायची, खूण कुठे तुटते ते बघायचं. गाडीवाला बाहेर बाइकवर बसून हॉर्न वाजवत असतो. त्याला चहा पाठवायचा.