तणमोर दिसेनासा झालाय? वावरात आणि माळावर या चुका टाळा

“आधी आमच्या माळावर दिसायचा, आता नाही दिसत,” असं वाशीम-अकोल्याकडे गावोगाव ऐकू येतं. तणमोर हा गवताळ माळावरचा पक्षी; त्याचा नर पावसाळ्यात मादीला दिसावं म्हणून गवतातून वर उसळतो, क्षणात परत गवतात उतरतो. दिवसभरात अशा शेकडो उड्या. माळ मोडून सोयाबीन आलं, तरी काही नर आता सोयाबीनमध्येच उड्या मारतात. म्हणजे अजून वेळ गेलेली नाही.

सगळ्यात मोठी चूक आपण चांगल्या मनाने करतो. ई-क्लासची, म्हणजे गावाच्या चराईची सरकारी जमीन पडीक आहे म्हणून तिथे खड्डे खणून झाडं लावतो. पण गवत हेच या पक्ष्याचं रान. त्याची उडी मादीला लांबून दिसावी लागते, आणि नवीन झाडांवर बसतो तो कावळा किंवा शिकरा. झाडं गावठाणात, रस्त्याकडेला, नाल्याकाठी लावा. माळ माळच राहू द्या. चराई मात्र कायमची बंद करू नका. पावसाळाभर माळ राखा, दिवाळीनंतर गवत कापा, गुरं सोडा.

दुसरी चूक माझ्याच हातून झाली. डवरणीत, म्हणजे पिकाच्या ओळींमधल्या कोळपणीत, बैलांच्या पुढ्यातून टिटवी ओरडत उठली. दोन ओळींमधल्या तासात चार अंडी, ढेकळांच्याच रंगाची. डवरा बाजूने काढला इथवर ठीक होतं, पण खूण म्हणून मी शेजारी काठी रोवून लाल फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी नुसती टरफलं. कावळ्याला पत्ता मीच दिला होता. आता मी धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) झाडापासून तासं मोजून ठेवतो आणि घरट्याभोवती चार-पाच पावलांचा तुकडा तसाच सोडतो. तणमोराची मादीही अशीच जमिनीवर अंडी घालते. ती उचलून कोंबडीखाली ठेवू नका. तणमोर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. घरटं दिसलं तर वनरक्षकाला कळवा आणि लगेच तिथून निघा, मादी तुम्ही जाण्याचीच वाट पाहत असते.

धुऱ्यावर तणनाशक मारू नका, धुरे पेटवू नका. नाकतोडे आणि भुंगेरे तिथेच वाढतात, पिल्लं त्यांच्यावरच जगतात.

सोंगणी चारही बाजूंनी आत आत नेऊ नका. उडता न येणारी पिल्लं मधल्या उभ्या पट्ट्यात अडकतात आणि शेवटच्या फेरीत मरतात. मधून सुरू करून बाहेर या, किंवा एका धुऱ्याकडून दुसऱ्याकडे सरका. मशीन असेल तर चालकाला आधी सांगून ठेवा. राखणीचं कुत्रं त्या दिवसापुरतं घरी बांधा.

फोटोसाठी नराच्या मागे गाडी घालू नका. तो उडायचा थांबला, की मादीला त्याचा पत्ता लागत नाही.

आणि फासेपारधी तांड्याला वगळून गावात काही ठरवू नका. कधीकाळी फासे लावणाऱ्यांपैकी काही जण आज तणमोराची राखण करतात. नुसत्या आवाजावरून तो कुठल्या वावरात आहे, हे त्यांना कळतं. पेरणीआधी त्यांना माळावर बोलवा आणि कुठला तुकडा राखायचा ते त्यांनाच विचारा.