लॅपटॉप आणि दोन मॉनिटरसाठी डॉकिंग स्टेशन कसे निवडावे

इंदूरच्या रामबागेत राहणारा माझा भाचा पुण्याच्या एका कंपनीचे काम घरून करतो. गेल्या वर्षी त्याने २७ इंचांचा उत्तम ४के मॉनिटर घेतला आणि तो लॅपटॉपला जोडण्यासाठी एक लहानसा हब, म्हणजे एका केबलवर अनेक उपकरणे जोडणारी डबी, आणला. चित्र लगेच आले, पण माउसचा बाण सरळ न सरकता तुटक उड्या मारत जाई आणि पान खाली सरकवताना अक्षरे थरथरत. दोन दिवस त्याला लॅपटॉपच बिघडला असे वाटत होते. मी हबचे खोके उलटून पाहिले, तेव्हा पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘४के’ आणि मागच्या तक्त्यात बारीक अक्षरांत ‘३० हर्ट्झ’ असे छापलेले आढळले. हे चित्र सेकंदाला साठऐवजी तीसच वेळा बदलत होते. लॅपटॉप, मॉनिटर आणि हब या तिन्ही वस्तू धड होत्या; निवडीची सुरुवात मात्र खोक्यापासून झाली होती आणि ती लॅपटॉपच्या पोर्टापासून व्हायला हवी होती.

डॉकिंग स्टेशन, म्हणजेच डॉक, स्वतः काही निर्माण करत नाही; हब हे त्याचेच लहान रूप. लॅपटॉपच्या पोर्टातून जेवढे चित्र आणि जेवढा डेटा बाहेर येतो तेवढाच ते वाटून देते, आणि त्याच केबलने उलट दिशेने लॅपटॉपला वीज पुरवते. एवढे ध्यानात ठेवले की पुढचा क्रम आपोआप ठरतो: आधी लॅपटॉपचे पोर्ट, मग स्क्रीनची गरज, त्यानंतर वॅट, केबल आणि सर्वांत शेवटी खरेदी.

पहिली पायरी: लॅपटॉपचे पोर्ट ओळखा

टाइप-सी हे केवळ आकाराचे नाव आहे. सारख्या दिसणाऱ्या दोन पोर्टांपैकी एक फक्त पेनड्राइव्हपुरते असू शकते आणि दुसरे चित्र, डेटा व चार्जिंग ही तिन्ही कामे करू शकते. पोर्टाशेजारची खूण बारकाईने पाहावी. ‘डी’ आणि ‘पी’ ही अक्षरे गुंफलेली खूण असेल, तर त्यातून डिस्प्लेपोर्ट या पद्धतीने मॉनिटरसाठी चित्र बाहेर येते. प्लगची किंवा बॅटरीची खूण चार्जिंग दर्शवते. टोकाला बाण असलेली विजेची रेघ म्हणजे थंडरबोल्ट, टाइप-सी आकाराचाच अधिक वेगवान प्रकार. या शेवटच्या खुणेला पुष्कळ जण चार्जिंगची खूण समजतात, म्हणून ती वेगळी लक्षात ठेवावी. अनेक कंपन्या कोणतीच खूण छापत नाहीत, त्यामुळे खूण नाही म्हणजे सोय नाही असे मानू नये. लॅपटॉपच्या तळाशी असलेला पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि उत्पादकाच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट’ आणि ‘पॉवर डिलिव्हरी’ (पोर्टातून चार्जिंग) हे दोन शब्द प्रत्येक पोर्टासाठी स्वतंत्रपणे शोधावेत, कारण एकाच लॅपटॉपच्या डाव्या आणि उजव्या पोर्टांतही फरक असतो.

थंडरबोल्ट ४ असेल तर काम सोपे होते. २०२० मध्ये आलेल्या या प्रकारात दर सेकंदाला ४० गिगाबिटचा (गिगाबिट म्हणजे एक अब्ज बिट) वेग आहे, आणि ६० हर्ट्झने चालणारे दोन ४के मॉनिटर जोडता येणे ही त्याची किमान अट आहे. मात्र लॅपटॉप साध्या टाइप-सीचा असेल, तर जुना थंडरबोल्ट ३ डॉक स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. त्यातले बरेचसे साध्या टाइप-सीवर मुळीच चालत नाहीत.

दुसरी पायरी: स्क्रीनचा हिशेब मांडा

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो कागदावर करण्यासारखा आहे. मॉनिटरच्या आडव्या बिंदूंना उभ्या बिंदूंनी गुणावे, मग ६० ने आणि शेवटी २४ ने. ६० म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते ते आणि २४ म्हणजे एका बिंदूच्या रंगासाठी लागणारे बिट. साध्या फुल एचडी मॉनिटरचे उत्तर १९२० × १०८० × ६० × २४, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट येते. ४के मॉनिटरचे ३८४० × २१६० × ६० × २४, म्हणजे सुमारे १२ गिगाबिट. ते बरोबर चौपट आहे. प्रत्यक्षात याहून थोडी जास्त जागा लागते, पण निर्णयासाठी एवढा अंदाज पुरतो.

आता पोर्टाकडे वळू. टाइप-सीमध्ये वेगवान तारांच्या चार वाटा असतात. हबमध्ये वेगवान यूएसबी पोर्टही असतील, तर सामान्यतः दोन वाटा डेटासाठी जातात आणि दोनच चित्राला उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये एका वाटेवरून चित्रासाठी ४.३२ गिगाबिट मिळतात, म्हणजे दोन वाटांचे ८.६४, त्यात ४के चित्र ६० हर्ट्झने बसत नाही, ३० हर्ट्झने बसते. भाच्याच्या टेबलावर नेमके हेच घडत होते. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये दोन वाटांवर १२.९६ गिगाबिट मिळतात आणि एक ४के मॉनिटर ६० हर्ट्झने जेमतेम बसतो, पण त्यासाठी लॅपटॉप आणि हब हे दोन्ही १.४ चे असावे लागतात. उलट, दोन फुल एचडी मॉनिटर हवे असतील तर सहा गिगाबिटांत भागते आणि मध्यम किमतीचा डॉकही पुरेसा होतो. त्यामुळे हिशेबाचे, पत्रव्यवहाराचे किंवा शिकवणीचे काम करणाऱ्याने केवळ आकड्याच्या मोहाने ४केच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन चांगले फुल एचडी मॉनिटर अशा कामाला उत्तम आहेत.

डॉकवर मॉनिटरसाठी एचडीएमआय ही जोडणी असेल, तर तिची आवृत्तीही पाहावी. १.४ असेल तर ४के चित्र ३० हर्ट्झलाच अडकते. ६० साठी किमान २.० हवे.

एकाच पोर्टातून दोन वेगवेगळी चित्रे काढण्यासाठी विंडोजवर सहसा एमएसटी ही पद्धत वापरली जाते. तिच्यात डिस्प्लेपोर्टचा एकच प्रवाह डॉकमध्ये विभागला जातो. मॅकओएस ही पद्धत स्क्रीन वाढवण्यासाठी वापरत नाही. एमएसटीचा डॉक मॅकला जोडल्यास दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसते. शिवाय मॅकमध्ये चिपची स्वतःची मर्यादाही असते. एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला एकच बाहेरचा मॉनिटर चालतो, एम३ एअरला झाकण मिटल्यावर दोन चालतात आणि एम४ एअरला झाकण उघडे असतानाही दोन चालतात. कोणताही महागडा डॉक ही मर्यादा आपल्या बळावर ओलांडू शकत नाही.

डिस्प्लेलिंक हा यावरचा वेगळा मार्ग आहे. त्यात लॅपटॉपवर एक ड्रायव्हर, म्हणजे साहाय्यक सॉफ्टवेअर, बसवावा लागतो, तो चित्र दाबून लहान करतो आणि साध्या यूएसबी डेटासारखे पाठवतो. डॉकमधली चिप ते पुन्हा उलगडते. कोष्टके, मजकूर आणि ईमेल यांसाठी ही सोय चांगली आहे, पण लॅपटॉपच्या प्रोसेसरवर भार पडतो, वेगवान खेळांसाठी ती योग्य नाही आणि मॅकवर कॉपीसंरक्षण असलेले चित्रपट लावल्यास स्क्रीन काळी दिसू शकते. इंदूरच्या सुपर कॉरिडॉर या आयटी पट्ट्यातील किंवा अन्य कोणत्याही कंपनीने दिलेला लॅपटॉप असेल, तर ड्रायव्हर बसवण्याची परवानगी आहे का हे कार्यालयाच्या आयटी विभागाला खरेदीपूर्वी लेखी विचारावे.

तिसरी पायरी: वॅट मोजा

लॅपटॉपसोबत आलेला चार्जर हातात घेऊन त्याच्या पाठीवरची बारीक छपाई वाचावी. ‘आउटपुट’ या शब्दापुढे व्होल्ट आणि अँपिअर दिलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर असतील तर उत्तर ६५ वॅट. डॉकने लॅपटॉपला निदान एवढी वीज द्यायला हवी.

इथे खोक्यावरचा आकडा फसवा ठरतो. ‘१०० वॅट’ असे लिहिलेले पुष्कळ हब स्वतः वीज आणत नाहीत. आपलाच चार्जर त्यांना जोडावा लागतो आणि त्यातले सुमारे १५ वॅट हब स्वतःसाठी व जोडलेल्या उपकरणांसाठी राखून ठेवतो. म्हणजे ६५ वॅटचा चार्जर अशा हबमधून नेल्यास लॅपटॉपपर्यंत ५० च्या आसपास वॅट पोहोचतात आणि व्हिडिओ कॉल चालू असताना जोडलेल्या लॅपटॉपचीही बॅटरी हळूहळू उतरू लागते. स्वतंत्र अडॅप्टर असलेला डॉक घेतला तरी अडॅप्टरचे वॅट वेगळे आणि लॅपटॉपला मिळणारे वॅट वेगळे असतात. दुसरा आकडा विचारून घ्यावा. यूएसबी पॉवर डिलिव्हरीची कमाल मर्यादा दीर्घकाळ १०० वॅट होती, २०२१ मध्ये ती २४० पर्यंत वाढवण्यात आली, तरी बाजारातले बहुतेक डॉक अजून १०० च्या आतच आहेत. त्यामुळे १८० किंवा २३० वॅटचा चार्जर असलेल्या गेमिंग लॅपटॉपला तो मूळ चार्जर जोडलेलाच ठेवावा आणि डॉककडून फक्त चित्र व डेटा घ्यावा.

‘मॉनिटरलाही डॉकमधूनच वीज मिळते ना?’ असा प्रश्न अनेक जण विचारतात. टेबलावरचे नेहमीचे मॉनिटर आपल्या स्वतंत्र प्लगवर चालतात आणि डॉक त्यांना केवळ चित्र पुरवतो. पिशवीत नेण्याजोगे पातळ पोर्टेबल मॉनिटर मात्र टाइप-सीतून वीज घेतात. तो वापरायचा असेल तर त्यासाठी लागणारे वॅट हिशेबात वेगळे धरावेत आणि डॉकच्या त्या पोर्टातून चित्रही बाहेर येते याची खात्री करावी.

नवा मॉनिटर घ्यायचाच असेल, तर टाइप-सीने लॅपटॉपला ६५ किंवा ९० वॅट वीज देणारा मॉनिटर अवश्य पाहावा. त्यात यूएसबी पोर्ट असतात, कित्येकांत तारेने इंटरनेट घेण्याचे लॅन पोर्टही असते, आणि डिस्प्लेपोर्टची बाहेर जाणारी जोडणी असल्यास विंडोज लॅपटॉपवर दुसरा मॉनिटर त्यातूनच जोडता येतो. माझ्या मते ज्याच्या टेबलावर अजून काहीच नाही, त्याच्यासाठी हाच पर्याय अधिक नेटका आहे, कारण एक अडॅप्टर आणि एक खोके कमी होते.

चौथी पायरी: केबल

मोबाइलसोबत आलेली टाइप-सी केबल इथे वापरू नये. ती बहुधा फक्त चार्जिंग आणि संथ डेटासाठी असते, तिच्यातून चित्र जात नाही. साधी केबल ३ अँपिअरची, म्हणजे ६० वॅटपर्यंतची असते; १०० वॅटसाठी ५ अँपिअरची, आत ओळखचिप असलेली केबल लागते. ४० गिगाबिटच्या साध्या केबल साधारण ०.८ मीटरपर्यंत पूर्ण वेग देतात, त्यामुळे डॉक लॅपटॉपच्या जवळच ठेवावा आणि लांबी हवी असेल ती मॉनिटरच्या केबलमध्ये घ्यावी.

पाचवी पायरी: दुकानात जोडून पाहा

इंदूरमध्ये आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल संगणकाच्या दुकानांसाठी माहितीचा आहे. जाताना आपला लॅपटॉप, मूळ चार्जर आणि पोर्टांची माहिती लिहिलेला कागद सोबत न्यावा. ‘सब चल जाएगा’ या उत्तरावर न थांबता डॉक आपल्याच लॅपटॉपला जोडून दाखवण्याची विनंती करावी, आणि दोन मॉनिटर हवे असतील तर दोन्ही एकाच वेळी जोडून पाहावेत. एकेक जोडून पाहण्याने काहीच सिद्ध होत नाही. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि त्यातील अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले या क्रमाने गेल्यावर प्रत्येक मॉनिटरचे रिझोल्यूशन (बिंदूंची संख्या) आणि रिफ्रेश रेट (हर्ट्झ) दिसतो. तिथे ६० च्या आसपासचा आकडा हवा. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमधील पॉवर या भागात चार्जरचे वॅट थेट वाचता येतात.

डॉकच्या अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणीखूण, आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक आणि आयएस १३२५२ हा उल्लेख आहे का ते पाहावे. सतत तापणारी ही वस्तू टेबलाखाली चोवीस तास वीज वाहते, त्यामुळे या बाबतीत मी तडजोड करत नाही. अनुक्रमांक लिहिलेले जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि जोडणी न जमल्यास किती दिवसांत वस्तू परत होईल हे त्या बिलावरच लिहून घ्यावे.

घरी बसवताना

वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण डॉक आणि मॉनिटर त्याच क्षणी बंद पडतात, आणि डॉकमधून लॅनने इंटरनेट घेतले असेल तर चालू असलेली बैठकही तुटते. म्हणून डॉकचा अडॅप्टर, दोन्ही मॉनिटर आणि राउटर हे सर्व इन्व्हर्टरच्या लाइनवरील एकाच बोर्डाला जोडावेत. ६५ वॅटचा लॅपटॉप, २५ ते ३० वॅटचे दोन मॉनिटर आणि राउटर धरून हा भार साधारण दीडशे वॅटपर्यंत जातो. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुधा यूपीएस मोडचे बटण असते. ते त्या स्थितीत ठेवल्यास वीज बदलण्याचा वेळ कमी होतो आणि मॉनिटर विझून पुन्हा पेटत नाहीत. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा डॉक कागदांच्या गठ्ठ्याखाली किंवा बंद खणात न ठेवता हवा लागेल अशा जागी ठेवावा.

पहिल्या दिवशी बॅटरी साठ टक्क्यांच्या आसपास असताना दोन्ही मॉनिटर, लॅन आणि व्हिडिओ कॉल एकदम चालू ठेवून अर्धा तास काम करावे. टक्केवारी वाढली तर वॅट पुरेसे आहेत. ती घसरली तर आधी केबल ५ अँपिअरची आहे का ते तपासावे, मग चार्जर मूळचाच जोडला आहे का ते पाहावे, आणि त्यानंतरही घसरत राहिली तर परतीची मुदत संपण्यापूर्वी बिल घेऊन दुकानात जावे.