ड्रेन नट गोल झाला किंवा आटे गेले तर

ड्रेन नट म्हणजे इंजिनाखालचा, जुनं ऑइल काढायचा नट. आधी बिघाड कुठे आहे ते बघा. नटाचं डोकं गोल झालंय, की ऑइल चेंबरचे (नट ज्यात बसतो त्या ऑइलच्या टाकीचे) आटे गेलेत?

डोकं गोल झालं असेल तर बारा टोकांचा पाना बाजूला ठेवा. सहा टोकांचा सॉकेट हातोडीने ठोकून बसवा. पकड मिळाली नाही तर व्हाइस ग्रिप (आवळून लॉक होणारी पक्कड), नाहीच तर डोक्याच्या कडेला छिन्नी लावून सोडायच्या दिशेने ठोके. इंजिन कोमट असावं. गाडी जॅक स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. निघालेला नट भंगारात.

नट नुसताच फिरतोय, आवळत नाही? मग आटे गेले. बहुतेकदा चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि कुणीतरी लांब दांड्याच्या पान्याने जोर काढलेला असतो. टिकाऊ इलाज हेलिकॉइलचा, म्हणजे भोकात नवे आटे पाडून त्यात तारेची आट्यांची गुंडाळी बसवायची. अनेक गाड्यांत माप एम १४ × १.५ असतं, पण जुना नट मोजूनच किट घ्या. टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) भरपूर ग्रीस लावा, धातूचा कीस त्यालाच चिकटतो. दर अर्ध्या फेऱ्यानंतर टॅप थोडा मागे फिरवा, आणि तो तिरका गेला तर नट कायम गळणार. शेवटी वरून पाव लिटर ऑइल ओतून उरलेला कीस वाहू द्या.

जाड सेल्फ-टॅपिंग (स्वतःच आटे पाडत जाणारा) नट स्वस्त पडतो, पण अ‍ॅल्युमिनियमला तडा जाऊ शकतो. टेफ्लॉन टेप तर नकोच. तुकडे स्ट्रेनरमध्ये (ऑइलच्या जाळीत) अडकतात.

वॉशर नवा घाला, टॉर्क (आवळायचा जोर) गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. ऑइल भरा, मग दहा मिनिटं इंजिन चालवून गळती बघायला खाली कोरडा कागद धरा.