शेततळ्यातले मासे आणि माझी हिशेबाची वही

मी सांगोल्याकडचा डाळिंबवाला. शेततळं खोदलं ते बागेसाठी, 30 बाय 30 मीटरचं, प्लास्टिक अस्तराचं. पाणी साठलेलंच आहे, तर मासे सोडू, एवढाच विचार होता. आता कुणी चौकशीला आलं की मी आधी एकच विचारतो, मे महिन्यात तळ्यात पाणी किती उरतं?

कारण मी तिथंच फसलो. आंबे बहार, म्हणजे डाळिंबाचा उन्हाळी बहार धरला, बागेला पाणी द्यावंच लागलं आणि एप्रिलात तळं कमरेवर आलं. मासा जेमतेम 400 ग्रॅमचा. व्यापाऱ्यानं पाणी बघूनच भाव सांगितला. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

त्याच्या आदल्या वर्षीची चूक वेगळी. स्वस्त म्हणून मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं आणली. बेडूक, पाणकिडे, बगळे यांची चंगळ झाली. वर्षाअखेर जाळ्यात आलं ते एका पाटीत मावलं. तेव्हापासून बोटभर लांबीची बोटुकलीच घेतो, चौरस मीटरला एक या हिशेबानं. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. अस्तराच्या तळ्यात चिखल नसतो, म्हणून मृगळ कमी सोडतो.

आता वही उघडतो. बोटुकली 900, बीजाचे 4 हजार. कोंडा आणि शेंगदाणा पेंड मिळून 900 किलो, त्याचे 29 हजार. चुना, शेण, जाळंवाल्यांची मजुरी धरून आणखी 5 हजार. एकूण 38. पैकी पाऊण हिश्श्याहून जास्त खाद्यावर गेले, म्हणून मी खाद्य पाण्यात सोडलेल्या टोपलीत ठेवतो. सकाळी टोपलीत उरलं असेल तर त्या दिवशी हात आखडता. आभाळ भरलेलं असेल आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर पाण्यात प्राणवायू कमी पडलाय समजायचं; खाद्य बंद, पंप लावून पाणी उडवायचं.

जगले 630, सरासरी 700 ग्रॅम, म्हणजे 440 किलो. व्यापाऱ्याला सगळा 100 रुपयांनी दिला असता तर 44 हजार. हातात 6 हजार, त्यातही माझी मजुरी आणि अस्तराची झीज धरलेलीच नाही. तोच मासा तळ्याच्या काठावर जिवंत, 150 नं विकला तर 66 हजार. नफा पाण्यात कमी, काठावरच जास्त असतो.

काठावर विकायचं म्हणजे थोडा-थोडा काढायचा. शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सअॅपला स्टेटस टाकतो, रविवारी सकाळी गिऱ्हाईक पिशवी घेऊन हजर. श्रावणात आणि नवरात्रात विकायचा विषयच नाही, तेव्हा पिल्लं वाढवायची. अस्तर निसरडं असतं, एकट्यानं उतरू नका, दोर आणि ट्यूब काठावर बांधलेली ठेवा.

उधारी मात्र अजून जमत नाही. गेल्या हंगामात पाहुण्यांनीच 12 किलो नेले. बायकोनं वहीत ते ‘मर’ या रकान्यात लिहिलंय.