जत्रेत शूट करताना वायरलेस माईक एकमेकांना भिडतात, त्यावर काय करायचं

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या जत्रेत घोडेबाजारात अहिराणी व्हिडिओचं शूट करत होतो, घोडेवाले काका मस्त रंगात येऊन बोलत होते आणि हेडफोनमध्ये एकदम शेजारच्या स्टेजचा निवेदक घुसला. टेक गेला. परत विचारलं पण पहिल्यासारखं मोकळं बोलणं काही आलं नाही, त्याचं अजून वाईट वाटतं. चूक माझीच, फ्रिक्वेन्सी घरूनच जळगावला सेट करून नेल्या होत्या.

तर भो, स्कॅन (म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी मोकळी आहे ते रिसीव्हरनेच शोधणं) जागेवरच करायचा. आपले सगळे ट्रान्समीटर (बोलणाऱ्याच्या अंगावरचे, आवाज पाठवणारे) आधी बंद करा, फक्त कॅमेऱ्याकडचा रिसीव्हर चालू ठेवून स्कॅन मारा, नाहीतर तो आपल्याच माईकला अडथळा समजतो. आणि दुपारी मोकळी दिसलेली फ्रिक्वेन्सी संध्याकाळी तमाशा-ऑर्केस्ट्रा सुरू झाला की मोकळी राहीलच असं नाही, म्हणून परत स्कॅन करा. शेजारच्या साऊंडवाल्याला जाऊन सरळ विचारा, भाऊ तुम्ही कुठे लावलंय, चहा पिता पिता सांगतो तो.

आता खरी गंमत इथे आहे. दोन माईक ५२० आणि ५२१ मेगाहर्ट्झवर लावले की त्यांच्या मिश्रणातून ५१९ आणि ५२२ वर भुतं, म्हणजे नको असलेले सिग्नल, तयार होतात (एकाची दुप्पट करून दुसरी वजा करा, तेवढंच गणित), म्हणजे तिसरा माईक सारखं अंतर ठेवायचं म्हणून ५२२ वर लावला की मेला. अंतर मुद्दाम वाकडंतिकडं ठेवा, जसं ५२०.०, ५२०.४ आणि ५२१.०. एकाच कंपनीचे, एकाच बँडचे माईक असतील तर सगळ्यांना ग्रुप (माईकच्या मेनूतला एकमेकांना न भिडणाऱ्या फ्रिक्वेन्सींचा तयार संच) एकच द्या आणि त्यातले चॅनल वेगवेगळे, हे गणित कंपनीने आधीच करून ठेवलेलं असतं. दोन कंपन्यांचे मिसळले की ते ग्रुप कामाचे नाहीत.

मग सगळे चालू करा आणि एकेक ट्रान्समीटर बंद करून त्याच्या रिसीव्हरवर ऐका, शांत असेल तर ठीक, काही खरखर किंवा दुसऱ्याचा आवाज आला तर ती फ्रिक्वेन्सी सोडा. ही टेस्ट करताना ट्रान्समीटर टेबलावर एकाला एक चिकटवून ठेवू नका, भुतं तिथेच जास्त होतात. पॉवर कमी करायची सोय असेल तर १० मिलिवॉट पुरे, जवळून शूट करताना जास्त लागतच नाही.

जुने ७०० मेगाहर्ट्झच्या वरचे माईक आता घेऊ नका, तिथे ५जी आलंय.

छोटे २.४ गिगाहर्ट्झवाले माईक चॅनल स्वतःच बदलतात, पण वायफाय आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात असतं, गर्दीत शेकडो मोबाईल, त्यात माणसाचं अंगही हा सिग्नल शोषतं. ट्रान्समीटर मागच्या खिशात नको, कॅमेऱ्याकडच्या बाजूला लावा, टीमचे हॉटस्पॉट बंद करा. माईकमध्येच रेकॉर्डिंगची सोय असेल तर ती चालूच ठेवा, त्या दिवशी मी ती केली असती तर काकांचं बोलणं वाचलं असतं.