बेसबॉलचा बॉक्स स्कोअर कसा वाचावा

क्रिकेटचा धावफलक ज्याला वाचता येतो, त्याला बेसबॉलचा बॉक्स स्कोअर जड जात नाही. आधी सगळे नियम पाठ करायची गरज नाही. एक सामना घ्या आणि त्याचे आकडे नीट वाचा. शिकायला माझ्या मते २ जून २०१० चा डेट्रॉइट टायगर्स विरुद्ध क्लीव्हलँड इंडियन्स हा सामना सगळ्यात चांगला.

पायरी १ : वरच्या दोन ओळी

क्लीव्हलँड ००० ००० ००० : ० १ १
डेट्रॉइट ०१० ००० ०२× : ३ ९ ०

पहिले नऊ आकडे म्हणजे प्रत्येक इनिंगमधल्या धावा. इथे तीन जण बाद झाले की संघाची एक इनिंग संपते. शेवटचे तीन म्हणजे एकूण धावा, हिट (चेंडू मारून बॅटर सुखरूप बेसवर, म्हणजे धाव घेतानाच्या थांब्यावर, पोचणं) आणि क्षेत्ररक्षणातल्या चुका. यजमान संघ मागाहून बॅटिंग करतो. डेट्रॉइट आधीच पुढे होते, त्यामुळे त्यांना नववी इनिंग खेळावीच लागली नाही. म्हणून ती फुली.

पायरी २ : पिचरची (चेंडू टाकणाऱ्याची) ओळ

डेट्रॉइटचा अर्मांडो गालारागा : ९ इनिंग, १ हिट, ० धावा, ० वॉक (चार वाईट चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळालेला पहिला बेस), ३ स्ट्राइकआउट (तीन चांगले चेंडू वाया घालवून बाद), ८८ चेंडू. कुठे ‘६.२ इनिंग’ दिसलं तर ते सहा इनिंग आणि वर दोन बाद असं वाचायचं, आपण १४.३ षटकं वाचतो तसंच.

हरलेल्या फाउस्टो कार्मोनाने ८ इनिंगमध्ये ३ धावा दिल्या. त्यातली एक क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे गेली, ती त्याच्या खात्यात धरत नाहीत. उरल्या २. त्यांना ९ ने गुणून ८ ने भागा : २.२५. हा त्याचा त्या दिवसाचा ‘ईआरए’, म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यात धरलेल्या धावा. जितका कमी तितका चांगला.

पायरी ३ : बॅटरचा तक्ता

इथे घाई करू नका. पहिला रकाना ‘एट-बॅट’चा, म्हणजे बॅटर किती वेळा खेळायला आला त्याचा, त्यात वॉक धरत नाहीत. क्लीव्हलँडच्या आठ जणांपुढे ३ आहे, पहिल्या क्रमांकाच्या ट्रेव्हर क्रोपुढे मात्र ४. नऊ जण तीन-तीनदा बाद झाले की २७ बाद होतात आणि सामना संपतो. मग क्रो चौथ्यांदा आला कसा? त्याच्या आधीचा, सत्ताविसावा बॅटर जेसन डोनाल्ड बाद झाला नाही म्हणून.

डोनाल्डचा जमिनीवरून आलेला चेंडू मिगेल काब्रेराने अडवला आणि पहिल्या बेसवर धावत आलेल्या गालारागाकडे फेकला. नोंदवहीत क्षेत्ररक्षकांच्या जागांना क्रमांक असतात : पिचर १, कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) २, पहिल्या बेसचा खेळाडू ३. बाद दिला असता तर ‘३-१’ लिहिलं गेलं असतं आणि गालारागाचा परफेक्ट गेम झाला असता, म्हणजे एकही बॅटर बेसवर पोचला नसता. अंपायर जिम जॉइस यांनी सेफ, म्हणजे नाबाद, दिलं. रिप्लेमध्ये डोनाल्ड स्पष्ट बाद दिसला. जॉइस यांनी त्याच रात्री माफी मागितली, पण निर्णय तोच राहिला. अशा निर्णयांसाठी रिप्लेची सोय २०१४ मध्ये आली. हिटच्या रकान्यातला तो १ पाहिला की मला अजूनही हळहळ वाटते.

पायरी ४ : ताळा

एका संघाचे सगळे बॅटर मोजा. ती संख्या त्यांच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले आणि बाद झालेले यांच्या बेरजेइतकी यायलाच हवी. क्लीव्हलँडचे बॅटर २८. धावा ०, बाद २७. उरलेला एक डोनाल्ड. शेवटचा क्रो बाद झाला, तेव्हा डोनाल्ड तिसऱ्या बेसवर होता.