खाऱ्या दलदलीतील आणि पाणथळ कुरणांतील जंकस कसे ओळखावेत

पाण्याच्या कडेला उभी असलेली, हिरवी, सुईसारखी आणि जवळजवळ बिनपानांची वनस्पती दिसली की आपण तिला सरसकट लव्हाळे म्हणून मोकळे होतो. खरे लव्हाळे सायपरेसी कुलातले. जंकस हा जंकेसी या वेगळ्या कुलातला वंश असून त्यात सुमारे ३०० जाती आहेत. येथे युरोपच्या किनाऱ्यांवरील खाऱ्या दलदलींत आणि ओल्या कुरणांत नेहमी भेटणाऱ्या जातींपुरतेच लिहीत आहे. दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी आणि कागदी पाकिटे हाताशी आहेत, हे गृहीत धरतो. झाडांवर पिकलेली बोंडे नसतील, तर मात्र त्या दिवशी फार पुढे जाता येणार नाही. उन्हाळ्याच्या मध्यापासून शरद ऋतूपर्यंतचा काळ या कामासाठी योग्य आहे.

प्रथम जंकस आहे ना, हे पाहावे

‘खोड गोल असेल तर जंकस’ हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो चुकीचा आहे, कारण लव्हाळ्यांच्या कुलातही गोल खोडाच्या अनेक जाती आहेत. खोड सोडून फूल पाहावे. जंकसच्या फुलाला तीन-तीनच्या दोन वलयांत सहा परिदले (पाकळ्यांसारखे भाग) असतात. ती कोरडी, तपकिरी किंवा हिरवट असतात आणि त्यांच्या मधोमध तीन भागांत उकलणारे, पुष्कळ बारीक बियांचे बोंड असते. एकेका तुसाआड (कोरड्या खवल्याआड) एकच फूल आणि फळात एकच टणक बी असेल तर ते लव्हाळ्याच्या कुलातले, आणि खोडावर ठळक पेरी असून पाने दोन रांगांत असतील तर ते गवत. बोंडात तीनच मोठ्या बिया आणि पानांच्या कडांवर लांब पांढरे केस असतील तर ती वनस्पती जंकेसी कुलातल्याच लुझुला वंशाची असते.

खोडासारखा छद असलेल्या तीन जाती

फुलोरा खोडाच्या बाजूने फुटल्यासारखा दिसत असेल, तर त्याच्या वर गेलेला टोकदार भाग खोड नसून छद (फुलोऱ्याच्या तळाशी येणारे पानासारखे अंग) आहे, हे ध्यानात घ्यावे. अशा जातींचे एक खोड नखाने उभे चिरावे. आतला पांढरा भेंड तुटक असेल आणि शिडीच्या पायऱ्यांसारखे पडदे व मोकळ्या जागा दिसत असतील, खोड निळसर-करडे असेल आणि त्यावर ठळक कंगोरे असतील, तर ती जात जंकस इन्फ्लेक्सस होय. भेंड अखंड असेल तर जंकस इफ्यूसस आणि जंकस काँग्लोमेरेटस या दोन जाती उरतात.

या दोघींच्या बाबतीत ‘फुलोरा घट्ट गोळ्यासारखा म्हणजे काँग्लोमेरेटस’ हे वाक्य विसरून जावे. इफ्यूससचाही एक प्रकार तितकाच घट्ट फुलोरा धरतो, आणि या एका वाक्यामुळे असंख्य नोंदी बिघडलेल्या मी पाहिल्या आहेत. फुलोऱ्याच्या लगेच खाली खोडावरून नख फिरवावे. काँग्लोमेरेटसचे कंगोरे तिथे स्पष्ट लागतात, खोड निस्तेज दिसते आणि छदाचा तळ रुंद पसरलेला असतो. इफ्यूससचे ताजे खोड गुळगुळीत आणि चकचकीत असते. तरीही शंका राहिली तर बोंडाचा माथा भिंगाखाली धरावा. दोघींच्याही माथ्याला खळगा असतो, परंतु काँग्लोमेरेटसमध्ये त्या खळग्यात लहानसा उंचवटा असून त्यावर किंजलाचा (फुलाच्या बीजांडकोशावरील बारीक दांड्याचा) अवशेष टिकून असतो.

पानात आडवे पडदे असलेल्या जाती

पान बोटांच्या चिमटीत धरून खालून वर सरकवावे. आडव्या पडद्यांच्या गाठी लगेच जाणवतात. बोंड एकदम निमुळते होऊन त्याला आखूड टोक आले असेल तर जंकस आर्टिक्युलेटस, आणि ते हळूहळू निमुळते होत लांब अणकुचीदार झाले असेल व परिदलेही टोकदार असतील तर जंकस अक्युटिफ्लोरस. परिदले फिकी व बोथट असून पानांत आडव्यांबरोबर उभे पडदेही असतील तर जंकस सबनोड्युलोसस. ही जात चुन्याचे प्रमाण जास्त असलेल्या दलदलीत मिळते. आर्टिक्युलेटसच्या फुलोऱ्यात कधी लालसर पानांचे झुपके दिसतात. ती नवी जात नसून लिव्हिया जंकोरम या बारीक कीटकामुळे झालेली गाठ असते.

खाऱ्या दलदलीतील टोचणाऱ्या जाती

हाताला खरोखर टोचणारे, ताठ, करड्या हिरव्या रंगाचे मोठे झुबके असतील तर दोनच नावे विचारात घ्यावीत. बोंड परिदलांइतकेच लांब असेल तर जंकस मॅरिटिमस, आणि बोंड फुगीर, लालसर तपकिरी व परिदलांच्या कितीतरी बाहेर आलेले असेल तर जंकस अक्यूटस. या झुबक्यांवर वाकून पाहताना डोळे जपावेत.

खरी अडचण: जेरार्डी की कॉम्प्रेसस

उधाणाच्या भरतीचेच पाणी जिथवर पोहोचते, त्या खाऱ्या दलदलीच्या वरच्या पट्ट्यात गुडघ्याहून खुजी, गडद हिरवी, पन्हळीसारख्या अरुंद पानांची जंकसची दाट चटई पसरलेली असते. ती बहुधा जंकस जेरार्डी असते. तिच्याशी अगदी मिळतीजुळती जंकस कॉम्प्रेसस ही जात चराऊ पाणथळ कुरणांत वाढते. दोन्हींत फुलोरा खोडाच्या टोकाला असतो, पाने तळाशी आणि एकदोन खोडावर असतात, परिदले तपकिरी व बोथट असतात. ‘मीठ असेल तर जेरार्डी, नसेल तर कॉम्प्रेसस’ असे सांगून बहुतेक मार्गदर्शक इथे थांबतात, आणि माझी पहिली काही वर्षे याच सल्ल्याने वाया गेली.

त्या काळात मी किनाऱ्यावरच्या प्रत्येक चटईला जेरार्डी आणि आतल्या भागातील प्रत्येक झुबक्याला कॉम्प्रेसस लिहीत होतो. पुढे पाकिटांत ठेवलेली बोंडे एका हिवाळ्यात भिंगाखाली पुन्हा पाहिली, तेव्हा दलदलीच्या वरच्या कडेवरून आणलेल्या काही नमुन्यांत स्वच्छ कॉम्प्रेसस निघाली. ज्या नमुन्यांत कच्ची बोंडेच होती, त्यांचे तर काहीही सिद्ध करता येईना, आणि त्या सगळ्या नोंदी मला खोडाव्या लागल्या. कॉम्प्रेसस निमखाऱ्या जमिनीत तग धरते, आणि जेरार्डी समुद्रापासून दूर, खाऱ्या झऱ्यांच्या आसपासही वाढते. म्हणून जागेची नोंद अवश्य करावी, पण जागेला निर्णय देऊ नये.

निर्णय द्यायचा तो बोंडाने. जेरार्डीचे बोंड अंडाकृती असून ते परिदलांच्या उंचीइतके किंवा त्याहून किंचितच वर येते. कॉम्प्रेससचे बोंड जवळजवळ गोल असते आणि परिदलांच्या दीडपटीपर्यंत वाढून त्यांच्यातून ठळकपणे बाहेर डोकावते. हे वाचायला सोपे वाटते, परंतु त्यात दोन सापळे आहेत. पहिला असा की कॉम्प्रेससचे कच्चे बोंड परिदलांच्या आतच दडलेले असते, त्यामुळे घाईने पाहणाऱ्याला ती हमखास जेरार्डी वाटते. दुसरा याच्या उलट आहे. जेरार्डीचे बोंड उकलले की त्याचे तीन भाग फाकतात, परिदले सुकून आक्रसतात आणि बोंड प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा उंच दिसू लागते. म्हणून तपकिरी व चकचकीत झालेली, पण अजून न उकललेली बोंडेच घ्यावीत. ती फुलोऱ्याच्या मधल्या भागातली असावीत आणि एकाच खोडावरची नसावीत. मी पाच वेगवेगळ्या खोडांवरची दहा बोंडे पाहिल्याशिवाय नाव लिहीत नाही. एखाद्या बोंडाला पांढरट नळीसारखे कोष चिकटलेले असतील तर ते टाकून द्यावे, कारण कोलिओफोरा पतंगाची अळी आतल्या बिया खाऊन बोंडाचा आकार बिघडवते.

फुले उमललेली असताना गेलात, तर दुसरा तितकाच भक्कम पुरावा मिळतो आणि माझ्या मते तो अधिक निर्विवाद आहे. ताजे फूल उघडून पुंकेसर पाहावेत. जेरार्डीचा परागकोश आपल्या केसरतंतूच्या (त्याला पेलणाऱ्या बारीक देठाच्या) दुप्पट-तिप्पट लांब असतो, तर कॉम्प्रेससमध्ये दोहोंच्या लांबीत फारसा फरक नसतो. बीजांडकोशावरचा किंजल जेरार्डीत बीजांडकोशाइतका किंवा त्याहून लांब असतो आणि कॉम्प्रेससमध्ये आखूड असतो. हे ताज्या फुलातच पाहावे. कोमेजलेल्या फुलात परागकोश पिळवटून आखडतात आणि मोजमाप निरुपयोगी ठरते.

खोडाच्या चपटेपणावर विसंबू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कॉम्प्रेसस हे नाव त्या चपटेपणावरूनच पडले आहे हे खरे, परंतु कागदात दाबून वाळवलेल्या जेरार्डीचे खोडही चपटे होते, आणि अशा वाळक्या नमुन्यावरून खात्रीने नाव सांगणारी माणसे मी वारंवार पाहिली आहेत. खालचा छद फुलोऱ्यापेक्षा लांब असणे हे कॉम्प्रेससचे लक्षण म्हणून सांगतात. ते बहुधा बरोबर ठरते, पण एकट्या त्याच्या भरवशावर नाव देऊ नये.

चिखलातील वर्षायू जाती

सहज उपटून येणारी, जमिनीलगतचे आडवे खोड नसलेली, विस्कटलेल्या फांद्यांची लहान रोपे असतील तर जंकस ब्युफोनियस गटाकडे वळावे. आतली परिदले टोकदार आणि बोंडापेक्षा लांब असतील तर ती ब्युफोनियस, आणि ती बोथट असून बोंड त्यांच्याइतके किंवा थोडे लांब असेल तर खाऱ्या चिखलातली जंकस रॅनेरियस.

नमुना ठेवताना

ज्या झुबक्यात सगळीच बोंडे पोकळ व बिनबियांची निघतात, त्याला कोणत्याही एका जातीत कोंबू नये. आर्टिक्युलेटस व अक्युटिफ्लोरस यांचा, तसेच इफ्यूसस व इन्फ्लेक्सस यांचा संकर होतो, आणि रिकामी बोंडे ही त्याची पहिली खूण आहे. असा नमुना ‘संकर असावा’ एवढेच लिहून ठेवावा आणि शेजारी दोन्ही मूळ जाती आहेत का, ते त्याच फेरीत पाहून घ्यावे. इतर नमुन्यांची पिकलेली बोंडे वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावीत; प्लास्टिकच्या पिशवीत त्यांना बुरशी येते. पाकिटावर तारीख, जमीन खारी होती की गोडी, खोड चिरून पाहिलेल्या भेंडाचे स्वरूप आणि आडवे खोड होते की नुसता झुबका, हे जागेवरच लिहावे, कारण या गोष्टी पाकिटातल्या बोंडांवरून नंतर कळत नाहीत.